पेनीशच्या खाणावळीत

२०२५ च्या जून महिन्यात आम्ही उभयता आणि आमचे धाकटे काका असे तिघेजण पोर्तुगालला जाण्यास निघालो, तेव्हा फोंड्यातील शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो “पासपोर्टासाठी का?” हाच. त्यांचा तरी काय दोष? १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या नात्याने पुढल्या पिढ्यांनाही, लिस्बनच्या दप्तरी जन्माची नोंद करून तिकडचे नागरिकत्व मिळविता येते, आणि त्या वाटेने आपल्याकडची किती घरे रिकामी झाली हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. आम्ही मात्र निव्वळ प्रवासी म्हणून गेलो होतो. स्पेनचे आठ दिवस, शेवटी लिस्बनचे चार, असा तो बेत होता.

काका आमच्याबरोबर येतील असे आम्हांला स्वप्नातही वाटले नव्हते. त्यांचे वय ८४. फोंड्याच्या पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत आणि पुढे पणजीच्या लिसेवात तीन वर्षे ते शिकले. १९५५ च्या सत्याग्रहात आजोबांना पकडून आग्वादच्या तुरुंगात टाकले, तेव्हा चौदा वर्षांच्या काकांची शाळा सुटली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्या दिवसापासून काकांनी पोर्तुगीज बोलणे सोडले. गंमत अशी, की पोटापाण्यासाठी त्यांना तीच भाषा उपयोगी पडली. जमिनींचे जुने दस्तऐवज वाचून त्यांचा मराठी तर्जुमा करून देणे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. डोळ्यांनी वाचावयाचे, हाताने लिहावयाचे, तोंडाने मात्र एक शब्द काढावयाचा नाही! घरी कोणी पोर्तुगीज पाहुणा आला, तर काका मराठीत स्वागत करीत आणि आत निघून जात.

तेच काका आपण होऊन म्हणाले, “मी येतो. पण दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. त्या वास्कु द गामाच्या थडग्यापाशी मी यावयाचा नाही. आणि अठरा जूनला मला पेनीशला न्यावयाचे.”

अठरा जून म्हणजे आपला क्रांतिदिन. १९४६ साली त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली आणि गोव्याच्या लढ्याला नवे तोंड फुटले. त्यानंतर जी धरपकड झाली, तीत त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला धाडले, आणि त्यांना ठेवले ते पेनीशच्या किल्ल्यात. पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनीही तेथलाच तुरुंग भोगला. आजोबांच्या तोंडी ही नावे नेहमी असत. काकांच्या मनात ते गाव तेव्हापासूनच घर करून असले पाहिजे.

लिस्बनहून पेनीश सुमारे शंभर किलोमीटर, बसने दीड तासाचा रस्ता. गाव कोळ्यांचे. समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या जिभेवर ते वसले आहे आणि किल्ला अगदी लाटांच्या तोंडावर उभा आहे. १९३४ पासून १९७४ पर्यंत सालाझारच्या राजवटीने त्याचा राजकीय कैद्यांसाठी तुरुंग केला होता. १९७४ च्या एप्रिलमध्ये तिकडे क्रांती झाली आणि दोनच दिवसांनी येथले दरवाजे उघडले. आता तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कैद्यांपैकी बहुतेक पोर्तुगीजच होते, ही गोष्ट काकांना ठाऊक होती, पण डोळ्यांनी पाहिल्यावर ती त्यांना निराळीच वाटली असावी. कैदी आणि त्यांचे आप्त काचेच्या दोन बाजूंना बसून, पहारेकऱ्याच्या कानांदेखत बोलत, ती भेटीची खोली तशीच राखून ठेवली आहे. काका तेथे बराच वेळ उभे राहिले. “आपल्या माणसांना भेटावयास कोण येणार होते?” एवढेच ते म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. समुद्राचा वारा जूनमध्येही अंगाला झोंबत होता. काकांना मधुमेह आहे. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती आणि त्यानंतर पोटात गेला होता तो डब्यातील मूठभर चिवडा. जेवणाचे विचारले तर “मला भूक नाही,” हे ठरलेले उत्तर. या गावात अन्न घ्यावयाचे नाही, असा काहीसा त्यांचा निश्चय आहे हे आम्ही ओळखले. पण त्यांचा हात किंचित कापत होता आणि तो कोटाच्या खिशात लपविण्याची धडपड आमच्या सौ.च्या नजरेतून सुटली नव्हती. ती म्हणाली, “काका, मला मात्र आता चालवत नाही. काही तरी खाल्ल्याशिवाय माझ्याने बसपर्यंत येववणार नाही.”

“मग आधी सांगू नये का, बाय?” असे म्हणून काकाच पुढे चालू लागले.

परदेशच्या खाणावळींविषयी येथे दोन शब्द सांगून टाकतो. पोर्तुगालमध्ये दुपारचे जेवण साडेबारा ते तीन एवढ्याच वेळात मिळते. तीननंतर चूल विझली, की ती संध्याकाळी साडेसातपर्यंत पुन्हा पेटत नाही. किल्ले, देवळे पाहता पाहता ही वेळ टळली, तर मग दिवसभर कॉफी आणि गोड पाव यांवरच काढावा लागतो. दुसरे असे, की चार भाषांत आणि रंगीत चित्रांसह पदार्थांची यादी टांगलेली जेथे दिसेल, तेथे न थांबता पुढे जावे. जेथे एका फळ्यावर हाताने लिहिलेले चार पदार्थ असतील आणि गावातले कामकरी लोक कागदी मेजपोसावर कोपरे टेकून जेवत असतील, तेथे बसावे. फळ्यावरच्या या पदार्थांना तिकडे ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजचे ताट, म्हणतात. ‘प्रातु’ म्हणजेच आपली परात! ‘दोझ’ म्हणजे पूर्ण वाढप, ते दोघांना सहज पुरते. ‘मैया दोझ’ म्हणजे अर्धे, आणि एका माणसास ते विपुल होते.

बंदराजवळच्या गल्लीत आम्हांला अशीच एक जागा सापडली. दाराबाहेर लोखंडी जाळीखाली कोळसे फुलले होते आणि त्यांवर जाड्या मिठात घोळलेले तारले भाजत होते. त्या वासाने आमच्या पोटात कालवाकालव झाली, हे कबूल करावयास हवे. आमच्या तोंडचे तारले म्हणजे पावसाळ्याआधीचे, तिरफळ घालून केलेले. पण मासा तोच, किंवा त्याचा भाऊबंद. आत आठदहा मेजे, कोपऱ्यात दूरचित्रवाणी आणि गल्ल्यामागे सत्तरीच्या घरातील एक बाई. वाढावयास तिची नात असावी अशी एक तरुण मुलगी.

बसलो न बसलो तोच त्या मुलीने मेजावर पाव, ऑलिव्हची वाटी, लोणी आणि तारल्यांच्या लगद्याची इवलीशी डबी आणून ठेवली. आम्ही काही मागितले नव्हते. पाहुणचाराची ही रीत पाहून आम्हांला भरून आले, आणि आम्ही पाव मोडला. काकांनी तेवढ्यात यादी हाती घेऊन तिचे शेवटचे पान वाचावयास घेतले होते. दस्तऐवज शेवटाकडून वाचण्याची त्यांची जुनी सवय! वाचले आणि खाली ठेवले. बोलले काहीच नाहीत.

आता अडचण उभी राहिली ती सौ.ची. गेली बारा वर्षे ती शिवराक आहे. अंडेसुद्धा चालत नाही. मुलीला इंग्रजीचे पाचपंचवीस शब्द येत होते, आम्हांला पोर्तुगीजचे तेवढेही नाहीत. हातवारे करून झाले, “व्हेजिटेबल” या शब्दाची उजळणी झाली, आणि मुलीचा चेहरा एकदम उजळला. तिने फळ्यावरच्या ‘काल्दु व्हेर्द’ या ओळीवर बोट ठेवले. हिरवे काल्द! बटाटे शिजवून घोटावयाचे, त्यात कोबीच्या जातीची हिरवी पाने केसासारखी बारीक चिरून टाकावयाची आणि वरून ऑलिव्हचे तेल घालावयाचे, असे हे पोर्तुगालच्या उत्तरेकडले सार आता सर्व देशाचे झाले आहे. नाव ऐकून आमचीही खात्री पटली. आमच्यासाठी तारले मागविले. काकांनी यादी बाजूला सारून नुसती मान हलविली, म्हणजे त्यांना काही नको होते.

सार आले. वाफाळलेले, पोपटी रंगाचे. सौ.ने चमचा उचलला आणि काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. साराच्या मधोमध तांबडी, गोल, रुपयाएवढी चकती तरंगत होती. गोव्याच्या माणसाला ती ओळखण्यासाठी यादी लागत नाही. ते चोरीस होते. डुकराचे मांस.

मुलगी परत फिरली होती. काकांनी तिला हाक मारली आणि त्रेसष्ट वर्षे सहा महिने न काढलेले शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले, “मेनिना, आ सिन्योरा नांव कोम कार्न.” बाई मांस खात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही थक्क होऊन पाहत राहिलो. काकांनाही आपल्या आवाजाचा अचंबा वाटला असावा, कारण ते क्षणभर थांबले. आणि मग एकामागून एक वाक्ये येऊ लागली. आधी अडखळत, मग सरळ.

मुलगी ओठ मुडपून हसू आवरत होती. मागाहून काकांनीच सांगितले, की त्यांचे बोलणे तिला कचेरीतील अर्जासारखे वाटले. वाटावयाचेच! ज्या माणसाने चाळीस वर्षे खरेदीखते आणि वाटणीपत्रे वाचली, त्याने विशीतल्या पोरीला ‘व्होस्सा एक्सेलेंसिया’ म्हणून संबोधले, यात नवल ते काय? आपल्याकडे कोणी हॉटेलातील पोऱ्याला “राजमान्य राजश्री” म्हणावे, तसलाच तो प्रकार.

मुलीने चकती काढून देण्याची तयारी दाखविली. काकांनी नकार दिला. मग गल्ल्यावरची बाई स्वतः उठून आली. तिने जे सांगितले, त्याबद्दल आम्हांला तिचा आदर वाटतो. दुसरी वाटी भरून आणून ती गप्प बसली असती तर आम्हांला काय कळणार होते? पण ती म्हणाली, की चोरीस वरून घातले आहे हे खरे, पण एक तुकडा मोठ्या भांड्यातही उकळलेला आहे. तेव्हा हे सार या बाईंना चालणार नाही. “मग काय चालेल?” तिने काकांना विचारले.

पुढे जी प्रश्नोत्तरे झाली, ती आम्हांला भाषा न येताही कळली. बाई एकेक जिन्नस बोटावर मोजत होती: बाताता, कोव्ह, तोमात, सेबोला, आरोझ. बटाटा आणि कोबी हे शब्द त्यांच्याकडूनच तर आपल्याकडे आले! आपली चावी, बादली, साबण, पगार, लिलाव, घमेले आणि पिंपही तिकडचेच. गोव्यात तर आपण कदेलावर बसतो, मेजावर जेवतो, जनेल उघडतो, कोपातून पाणी पितो आणि कुलेराने ढवळतो. राज्यकर्त्यांची भाषा म्हणून काकांनी जिला उंबऱ्याबाहेर ठेवले, ती आमच्या स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसली होती. आम्ही हे काकांना त्याच वेळी बोलून दाखविले. ते रागावून म्हणाले, “शब्द येऊन बसले ते बसले. त्यांना कोणी बोलावले नव्हते.”

वीस मिनिटांनी सौ.चे ताट आले. तांबूस, सरसरीत टोमॅटोभात, आणि तोही मांसाच्या रश्शात नव्हे तर पाण्यात शिजवलेला, हे बाईने दोनदा सांगितले. सालीसकट उकडलेले बटाटे, कोबीची पाने, त्यांवर लसूण परतलेले ऑलिव्हचे तेल. मीठ जरासे कमी आणि तिखटाचे नाव नाही, तरीही सौ.ने ताट चाटून पुसून स्वच्छ केले. आमचे सहा तारले पावाच्या जाड कापावर घालून खाल्ले. माशाचे तेल त्या पावात मुरते आणि शेवटी तो काप खावयाचा असतो. मासा म्हणजे केवळ त्याची पूर्वतयारी, असे आमचे प्रामाणिक मत झाले. शेजारच्या मेजावरचे कोळी तारले हातानेच खात होते, म्हणून आम्हीही काटे ठेवून दिले.

आणि काका? बोलण्याच्या भरात त्यांनी पावाचा तुकडा मोडला होता. मग ऑलिव्ह घेतले. मग सौ.ने न विचारता त्यांच्या ताटात दोन बटाटे आणि थोडा भात वाढला. त्यांनी तो खाल्ला. हाताचा कंप थांबला. आम्ही कोणीच त्याविषयी बोललो नाही.

पावाबद्दल मात्र काकांनी आपणहून शेरा मारला. आपल्या पोदेराच्या उंड्याला जो आंबूस वास असतो, तो याला नव्हता. आपल्याकडे पूर्वी सूर घालून पीठ आंबवीत. तिकडून आलेल्या पाद्र्यांना येथे खमीर मिळेना, तेव्हा माडाने त्यांची नड भागविली. “पाव त्यांनी शिकविला, पण चव आपली,” असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातले पहिले हसू दिसले.

गर्दी ओसरल्यावर बाई कॉफी घेऊन आमच्यापाशी बसली. तुम्ही कोठले, हा प्रश्न अटळच होता. काकांनी “गोवा” म्हटले, आणि किल्ला पाहण्यास आलो, तेथे आमच्याकडचीही माणसे होती, असे सांगितले. हे तिला ठाऊक नव्हते. आफ्रिकेतले होते असे तिने ऐकले होते, भारतातले नव्हे. ती १९५५ सालची. तिला आठवत होते ते एवढेच, की भेटीच्या दिवशी परगावच्या बसमधून काळ्या कपड्यांतल्या बायका उतरत, हातात पुरचुंड्या असत, आणि तिची आई त्यांना घरात घेऊन सार पाजी. मोठ्या माणसांनी पोरांना बजावून ठेवले होते, की याविषयी शाळेत अक्षर काढावयाचे नाही. काकांनी विचारले, “तेच सार का? हिरवे?” ती म्हणाली, “तेच. पण तेव्हा त्यात चोरीस नसे. परवडत नसे.”

काकांनी हे भाषांतर करून सांगितले आणि कॉफीचा कोप दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बसून राहिले.

शेवटी हिशोब आला. मुलीने तो मेजावरच्या कागदावरच पेन्सिलीने मांडला. त्यात पाव, ऑलिव्ह, लोणी, तारल्यांची डबी यांची किंमत पाहून आमचा पाहुणचाराचा भ्रम फिटला. तिकडे याला ‘कुव्हेर’ म्हणतात. न मागता मेजावर येते, पण फुकट नसते. आणि अनेक प्रवासी यावरून हुज्जत घालतात. आम्हीही घालणार होतो, तोच काकांनी यादीचे शेवटचे पान आमच्यापुढे सरकविले. तळाशी बारीक अक्षरात छापले होते, की गिऱ्हाइकाने न मागितलेल्या आणि न वापरलेल्या कोणत्याही पदार्थाचे, कुव्हेर धरून, पैसे आकारता येत नाहीत. २०१५ चा तसा कायदाच आहे. म्हणजे हात लावला नाही तर पैसे नाहीत. हात लावला, की द्यावे. नको असेल तर आल्याबरोबर परत पाठवावे, कोणी राग मानीत नाही. शिवाय प्रत्येक खाणावळीला तक्रारीची वही ठेवावी लागते आणि मागितली तर द्यावी लागते. वाचकांपैकी कोणी तिकडे गेल्यास एवढे ध्यानात ठेवावे.

“मग हे तुम्ही आधीच वाचले होते, तर सांगितले का नाही?” सौ.ने विचारले.

“तेव्हा मी बोलत नव्हतो,” काका म्हणाले.

लोण्याच्या आणि लगद्याच्या डबीला कोणी हात लावला नव्हता. काकांनी त्या दोन रकमांवर बोट ठेवताच मुलीने निमूटपणे काट मारली. पाव आणि ऑलिव्ह यांचे पैसे काकांनी स्वतःच्या पाकिटातून, नाणी मोजून दिले. बाकीचे आम्हांला देऊ दिले. बक्षिसी देण्याची सक्ती तिकडे नाही. आम्ही थोडी ठेवली, आणि सौ.ने पिशवीतून चिवड्याचा उरलेला डबा काढून बाईच्या पुढे ठेवला. त्यात काय काय आहे, हे काकांना समजावून सांगावे लागले. पोह्यांपाशी त्यांची भाषा संपली. चपटा केलेला तांदूळ, असे काहीसे त्यांनी हातावर हात आपटून दाखविले. बाईने चिमूटभर तोंडात टाकले, तिखटाने तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तिने पुन्हा चिमूट घेतली.

संध्याकाळी लिस्बनला पोचलो. हॉटेलच्या खोलीत प्यावयास पाणी नव्हते. खाली जाऊन साध्या पाण्याची बाटली मागावयाची होती. तेथे बुडबुड्यांचे आणि बिनबुडबुड्यांचे अशी दोन तऱ्हेची पाणी असतात आणि आदल्या रात्री आमच्या हाती नेमके नको ते पडले होते. सौ. म्हणाली, “काका, तुम्हीच जरा चला ना खाली.”

काका कोट काढून पलंगावर आडवे झाले होते. त्यांनी डोळे न उघडताच मराठीत उत्तर दिले, “तुम्ही जाऊन विचारा. मी आज पुष्कळ बोललो.”